सिमरॉन काउंटी, ओक्लाहोमा: इथे कोण राहतं, आणि का?

तारकापुंज
मंडळी, गेल्या आठवड्यात आम्ही दोघं आणि आमचा दहा इंची डॉब्सोनियन असे तिघं डॅलसहून ओकी-टेक्स स्टार पार्टीला जाऊन आलो. मागच्या सीटवर दुर्बिणीची नळी आडवी, तिला सीटबेल्ट, आणि माझ्या पायाशी पोळ्यांचा डबा. आठ तास गाडी हाकून ओक्लाहोमाच्या अगदी पश्चिम टोकाला केंटन नावाचं गाव येतं, गाव म्हणजे वाडीच म्हणा. तिथे दरवर्षी अमावास्येच्या सुमारास दुर्बिणवाले जमतात. आकाश इतकं काळं की आकाशगंगेला ढग समजून नवरा "गेली आजची रात्र" म्हणून बसला होता. रात्री फक्त लाल दिवा चालतो, गाडीच्या आतल्या दिव्याला पण लाल सेलोफेन चिकटवायचा, चुकून दार उघडलं आणि पांढरा उजेड पडला तर चारी बाजूंनी लोक ओरडतात.

पण धागा आकाशाचा नाही, जमिनीचा आहे. ही सिमरॉन काउंटी. क्षेत्रफळ १८४१ चौरस मैल. २०२० च्या जनगणनेत माणसं २२९६. आमच्या प्लानोमधल्या एका शाळेत याहून जास्त मुलं असतील. मुख्य गाव बॉइस सिटी, तिथे ११६६. येताना आम्ही तिथे जेवायला थांबलो तर कॅफेतल्या बाईंनी कॉफी ओतता ओतता सांगितलं की आमच्या गावावर बॉम्ब पडलेत, आपल्याच विमानदलाचे. मला वाटलं गंमत करतायत. मग म्हणाल्या धुळीची वादळं माहितीयेत ना, ती पण आमचीच.

तर प्रश्न असा, की इतका लांब, इतका कोरडा, इतका रिकामा जिल्हा मुळात झाला कसा आणि अजून वेगळा जिल्हा म्हणून राहिलाय कशाला? शेजारच्या काउंटीत टाकून का देत नाहीत? जाणकारांनी प्रकाश टाकावा (लाल चालेल).

सांडशी
नकाशात बघितलं. ओक्लाहोमा दिसतं फ्रायपॅनसारखं, आणि ही काउंटी त्याच्या दांड्याच्या पार टोकाला आहे, जिथे भोक पाडून खिळ्याला अडकवतात तिथे. आमच्याकडे तव्याला दांडा नसतो त्यामुळे असले प्रश्न येत नाहीत.

भूगोलमास्तर
प्रश्न चांगला आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लावतो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर जा.

हा दांडा कोणी ठरवून काढलेला नाही, चारी बाजूंनी रेघा मारून झाल्यावर मधे उरलेली ही चिंधी आहे. टेक्सास १८४५ ला अमेरिकेत आलं ते गुलामगिरी असलेलं राज्य म्हणून. त्याआधीच्या मिसूरी तडजोडीप्रमाणे ३६ अंश ३० मिनिटांच्या उत्तरेला गुलामगिरी चालणार नव्हती. टेक्सासचा दावा तर पार वर कॉलोरॅडो-वायोमिंगपर्यंत जात होता. १८५० च्या तडजोडीत टेक्सासनं त्या रेषेच्या वरची जमीन सोडली, बदल्यात केंद्राकडून एक कोटी डॉलर घेतले आणि डोक्यावरची कर्जं फेडली. म्हणजे गुलाम सोडण्यापेक्षा जमीन सोडणं परवडलं. १८५४ ला कॅन्ससची दक्षिण हद्द ठरली ती ३७ अंशावर. पश्चिमेला न्यू मेक्सिको १०३ रेखांशावर थांबलं, पूर्वेला इंडियन टेरिटरी (टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला, केंद्राच्या ताब्यातला प्रदेश) १०० रेखांशावर. मधे अर्ध्या अंशाची पट्टी राहिली, साधारण ३४ मैल रुंद आणि १६७ मैल लांब, आणि ती कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही. सरकारी कागदात नाव 'पब्लिक लँड स्ट्रिप', लोकांच्या तोंडी 'नो मॅन्स लँड'. १८५० ते १८९० अशी चाळीस वर्षं तिथे ना राज्य, ना टेरिटरी, ना कोर्ट, ना जमिनीची नोंदणी.

लोक मात्र यायला लागलेच. १८८७ मध्ये त्यांनी आपापसात 'सिमरॉन टेरिटरी' जाहीर करून टाकली, वॉशिंग्टनने ती काही मान्य केली नाही. शेवटी १८९० ला ही पट्टी ओक्लाहोमा टेरिटरीला जोडली आणि सगळी मिळून एकच बीव्हर काउंटी केली. १९०७ ला ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हा तिचे तीन तुकडे पडले: बीव्हर, टेक्सास आणि सिमरॉन. हो, ओक्लाहोमात टेक्सास नावाची काउंटी आहे, उगाच गोंधळू नका.

रेवाकाठ
मास्तर, माहितीबद्दल आभार पण "कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही" हे जरा खटकलं. सातबारा नव्हता म्हणजे मालक नव्हता असं कुठे आहे? कोमांचे आणि कायोवा या मूळ रहिवाशांचा हा फिरायचा, शिकारीचा मुलूख होता. १८७४-७५ च्या रेड रिव्हर युद्धानंतर त्यांना कायमचं रिझर्वेशनमध्ये (सरकारने आखून दिलेल्या हद्दीत) कोंडलं आणि रानरेडे (बायसन) मारून संपवले, तेव्हा कुठे ही जमीन 'रिकामी' झाली. त्याही आधी केंटनजवळच्या गुहांमध्ये माणसं राहत होती, तिथल्या उत्खननात वस्तू मिळाल्यात. आणि काउबॉय यायच्या आधी न्यू मेक्सिकोतून स्पॅनिश बोलणारे मेंढपाळ कळप घेऊन यायचे. कारिझो, टेकेस्किटे ही ओढ्यांची नावं त्यांची. सिमरॉन हा शब्दच स्पॅनिश, अर्थ रानटी, मोकाट.

भूगोलमास्तर
रेवाकाठ, बरोबर. 'गोऱ्यांच्या दप्तरात कोणाचीच नाही' असं वाचावे.

अजून एक कुलकर्णी
आकडेमोड करायची सवय, म्हणून. १८४१ चौरस मैल म्हणजे ४७६८ चौरस किमी. आपला सिंधुदुर्ग ५२०७ चौरस किमी, म्हणजे थोडा मोठाच. सिंधुदुर्गात २०११ ला साडेआठ लाख माणसं, आणि आपण म्हणतो कोकण ओस पडलं!! इथे दोन चौरस किलोमीटरला एक माणूस येतो, तो पण घरी असला तर.

अजून एक गंमत, ही अमेरिकेतली एकच काउंटी आहे जिला स्वतःचं राज्य सोडून चार राज्यं लागतात: कॉलोरॅडो, कॅन्सस, न्यू मेक्सिको, टेक्सास.

गंगाधर_ही_शक्तिमान_है
चार राज्यांना चिकटलेला जिल्हा आपल्याकडे पण आहे की, उत्तर प्रदेशातला सोनभद्र. मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, बिहार. आपण कशातच मागे नाही.

अजून एक कुलकर्णी
"अमेरिकेतली" लिहिलंय ओ.

सांडशी
कुलकर्णी, कॅन्सस किती लागतं ते पण सांगा. मी आत्ता झूम करून बघितलं तर ईशान्य कोपऱ्यात जेमतेम शेपूट टेकलंय. हे म्हणजे आमचं घर समुद्रकिनारी आहे, गच्चीत उभं राहून टाचा उंचावल्या की दिसतो.

माळढोक_७२
धुळीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मी जत तालुक्यातला, सध्या मुक्काम अमारिलो, म्हणजे तारकापुंजताई तुम्ही आमच्या दारावरून गेलात आणि चहाला थांबला नाहीत, असो. शेतीच्या पाण्याच्या यंत्रणेचं काम करतो त्यामुळे त्या काउंटीत अधूनमधून जाणं होतं.

तिथे वर्षाला सरासरी सतरा-अठरा इंच पाऊस. म्हणजे आमच्या माण-खटाव-जत पट्ट्यासारखाच म्हणायचा. तिथली मूळ वनस्पती म्हणजे बफेलो ग्रास, वीतभर उंचीचं कुरळं गवत, पण मुळं खाली खोल, एकमेकांत विणलेली. त्या मुळांनी माती धरून ठेवलेली. आता पहिल्या महायुद्धात गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरची हमी मिळाली, आणि ट्रॅक्टर आले, एका दमात जमीन सपाट पलटी करणारे डिस्कचे नांगर आले, मग काय, दिसेल ते गवत उलथं केलं. त्यात 'सुटकेस शेतकरी' नावाची जमात, म्हणजे शहरात राहायचं, पेरायला आठवडाभर यायचं, कापायला आठवडाभर यायचं, मधे जमीन आहे का गेली बघायचं नाही. १९३१ ला पीक जोरात आलं आणि भाव चाळीस सेंटच्याही खाली पडला. लोकांनी काय केलं? तोटा भरून काढायला अजून नांगरलं. किंवा नांगरलेलं तसंच उघडं टाकून निघून गेले. आणि मग पाऊस थांबला.

माती उडायला वेळ लागला नाही. घराच्या खिडक्यांना ओल्या चादरी लावायच्या, जेवायला ताटं पालथी मांडायची आणि वाढायच्या क्षणी सुलटी करायची, हे रोजचं. कोरड्या वादळात एवढी स्थिर वीज साठायची की मोटारी बंद पडायच्या, म्हणून गाडीमागे साखळी जमिनीला घासत बांधायचे. चारा संपला तर काटेरी वाळकं तण (रशियन थिसल, सिनेमात गडगडत जातं ते) मीठ लावून गुरांना घालायचे. लहान मुलं, म्हातारी माणसं धुळीच्या न्यूमोनियाने जायची.

१४ एप्रिल १९३५ चा रविवार. सकाळ एकदम स्वच्छ, लोक म्हणाले आली बाबा एकदाची सुटका, चादरी धुऊन वाळत घातल्या. दुपारी उत्तरेकडून काळी भिंत आली. रॉबर्ट गायगर नावाचा असोसिएटेड प्रेसचा बातमीदार बॉइस सिटीजवळच रस्त्यात त्यात सापडला. दुसऱ्या दिवशी त्याने पाठवलेल्या बातमीत 'डस्ट बोल' हे दोन शब्द होते. धुळीचं वाडगं. पुढे जगाने तेच नाव घेतलं.

तो प्रसिद्ध फोटो पण या काउंटीतलाच. शेतकरी पुढे वाकून चाललाय, दोन पोरं बरोबर, एक हाताने डोळे झाकतंय, बाजूला अर्धी पुरलेली खोपटी. आर्थर रॉथस्टाईनने १९३६ च्या एप्रिलमध्ये काढलेला.

चष्मिष्ट
माळढोक, लिहिलंय छान पण सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही. दुष्काळ तिथे आधीपण पडलेत, धूळ आधीपण उडालीय, १८९० च्या दशकात पण लोक सोडून गेले होते. अवर्षण आलं नसतं तर काही झालं नसतं. आपल्याकडे पण दुष्काळ पडला की पहिलं बोट शेतकऱ्याकडे.

माळढोक_७२
चष्मिष्ट, माझे आजोबा शेतकरी, वडील शेतकरी, मी कशाला बोट दाखवू. नांगरा म्हणून सांगणारं सरकार, कर्ज देणारी बँक, रेल्वेच्या जाहिराती, सगळेच त्यात होते. पण एक बघा, पन्नाशीच्या दशकात पण तिथे तसाच कडक दुष्काळ आला. धूळ उडाली, पण तीसच्या दशकासारखा कहर झाला नाही, कारण मधल्या काळात काही शिकले होते. ह्यू बेनेट नावाचा मृदातज्ज्ञ अमेरिकन काँग्रेससमोर (म्हणजे त्यांच्या संसदेसमोर) साक्ष देत असताना मैदानातली धूळ वॉशिंग्टनपर्यंत पोचली असं सांगतात, २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला. उताराला आडवी नांगरट, झाडांच्या रांगा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सरकारने वाया गेलेली जमीन विकत घेऊन परत गवत पेरलं. ताई, तुम्ही येताना रिटा ब्लांका नॅशनल ग्रासलँडची पाटी बघितली असेल. ते 'नॅशनल ग्रासलँड' म्हणजे काय, तर एकेकाळी मोडून पडलेली शेतं. जमिनीवर टाके घातल्यासारखं आहे ते, मधे मधे अजून खाजगी शेत, मधे गवत.

चष्मिष्ट
हे मान्य. तरी मी माझ्या मताला अर्धा धरून राहतो.

हायवे_२८७
माझं सदस्यनाम बघून कळलं असेलच. डॅलस-डेन्व्हर वर्षातून तीन-चार फेऱ्या होतात (मुलगी डेन्व्हरला). बॉइस सिटीत हायवे थेट कोर्टाच्या इमारतीला प्रदक्षिणा घालतो, देवळाला घालतात तशी, आणि तुमच्या मागेपुढे सगळे अठरा चाकी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन प्रदक्षिणा घातल्या, एक चुकून.

तर बॉम्बची गोष्ट त्याच कोर्टाची. ५ जुलै १९४३, मध्यरात्र उलटून अर्धा तास. टेक्सासात डॅलहार्टला तेव्हा विमानदलाचा तळ होता, तिथून एक बी-१७ बॉम्बफेकी विमान सरावाला निघालं. लक्ष्य होतं टेक्सासातच कॉनलेनजवळ, चार दिव्यांचा चौकोन. नॅव्हिगेटर चुकला आणि त्याला दिसला तो बॉइस सिटीच्या कोर्टाभोवतीचा दिव्यांचा चौकोन. सहा बॉम्ब टाकले. सरावाचे होते, प्रत्येकात चारेक पौंड डायनामाइट आणि बाकी नव्वदेक पौंड वाळू. एक गॅरेजच्या छपरातून आत, एक चर्चशेजारी. मग कुणाला तरी सुचलं आणि अख्ख्या गावाची वीज बंद केली. दिवे गेल्यावर विमानाला कळलं असावं की आपलं काहीतरी चुकतंय. कोणी मेलं नाही, जखमी पण नाही. आज तिथे लाल डब्याजवळ (रेल्वेचा जुना गार्डचा डबा आहे, त्यात माहिती केंद्र) जमिनीत घुसलेल्या बॉम्बचं स्मारक आहे. मी फोटो काढत होतो तर शेजारी उभा ट्रकवाला म्हणाला, वाळूचा होता बरं का, आमच्याकडे वाळू काय कमी होती म्हणून बाहेरून आणली.

सांडशी
धूळ वाहून गेली म्हणून विमानदलाने वाळू परत दिली. हिशेब चोख.

तारकापुंज
अरे काय भारी लिहिताय सगळे. @माळढोक, हो ती पाटी बघितली, मला वाटलं अभयारण्य वगैरे असेल, नवरा म्हणाला यात बघण्यासारखं काय आहे, नुसतं गवत. आता त्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. @हायवे, ते गाव 'बॉयसी' का 'बॉइस'? मी कॅफेत बॉयसी म्हटलं तर बाई हसल्या.

हायवे_२८७
बॉइस. व्हॉइसशी यमक जुळतं. बॉयसी ते आयडाहोवालं.

प्लॉटधारक_दुःखी
नावावरून आठवलं. फ्रेंचमध्ये 'बोआ' म्हणजे झाडं, रान. आता त्या गावात झाड बघितलंय का कोणी? त्याची पण गोष्ट आहे आणि ती वाचून माझ्या जखमेवरची खपली निघाली.

१९०८ मध्ये एका जमीन कंपनीने रंगीत पत्रकं छापली. झाडांच्या रांगा, फरसबंदी रस्ते, आपोआप उसळणाऱ्या पाण्याची विहीर, सुंदर घरं, रेल्वे. देशभरातल्या लोकांनी टपालाने पैसे पाठवून तीन हजारांच्या आसपास प्लॉट घेतले. गाडीघोडे करून येऊन बघतात तर माळरानात खुंट्या ठोकलेल्या, बास. ना झाड ना विहीर, आणि वर काही प्लॉट कंपनीच्या मालकीचे पण नव्हते. टपालातून फसवणूक केल्याबद्दल कंपनीवाल्यांना लेव्हनवर्थच्या तुरुंगात पाठवलं. रेल्वे आली खरी, पण १९२५ ला.

मी २०११ ला पुण्यापासून 'फक्त पंचवीस मिनिटांवर' एक बिगरशेती प्लॉट घेतला. पत्रकात क्लब हाऊस होतं. अजून खुंट्याच आहेत. आणि माझे वाले तुरुंगात पण गेले नाहीत. फरक एवढाच, की बॉइस सिटीवाले चिडून परत जायच्या ऐवजी त्यातले काही तिथेच राहिले आणि त्यांनी खरंच गाव वसवलं, तेच गाव पुढे काउंटीचं मुख्यालय झालं.

रेवाकाठ
प्लॉटधारक, तुम्ही पण जा राहायला, वीस वर्षांनी जिल्हा मुख्यालय होईल.

प्लॉटधारक_दुःखी
पाणी नाहीये हो.

सह्यभटका
डोंगर राहिला. केंटनजवळ ब्लॅक मेसा आहे, ओक्लाहोमातलं सर्वात उंच ठिकाण, ४९७३ फूट म्हणजे १५१६ मीटर. आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे आपण जिंकलो. पण खरी मजा दगडात आहे. माथ्यावरचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, अगदी आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, फक्त वयाने फार लहान, काही दशलक्ष वर्षांचा. कॉलोरॅडोच्या बाजूने लाव्हा एका दरीतून वाहत आला आणि दरीतच थिजला. मग शेजारचे मऊ दगडाचे उंचवटे पावसावाऱ्याने झिजून गेले आणि कडक लाव्हा तसाच राहिला. म्हणजे जी दरी होती तो आज डोंगर आहे आणि जे डोंगर होते ते आज खाली सपाट. भूगर्भवाल्यांकडे याला 'उलटी भूरचना' म्हणतात.

मी २०१८ ला चढलो. चढलो म्हणजे काय, येऊन-जाऊन आठ-साडेआठ मैल, त्यातला चढ एका जागी, बाकी सरळ चाल. वर ग्रॅनाइटचा खांब आहे, त्याच्या बाजूंवर कुठलं राज्य किती दूर ते कोरलंय. खाली लोखंडी पेटीत वही असते, नाव लिहायची. मी देवनागरीत 'हर हर महादेव' लिहून आलोय, ताई तुम्ही गेला होतात का, दिसलं का?

तारकापुंज
गेलो होतो! वही बदललेली असणार, आम्हाला या वर्षीचीच नावं दिसली. नाव लिहायचा शौक तिथे जुना आहे पण. सांता फेच्या व्यापारी मार्गाची सिमरॉन शाखा या काउंटीतून जायची, बैलगाड्या, खेचरगाड्या. ऑटोग्राफ रॉक म्हणून खडकाचा कडा आहे तिथे त्या प्रवाशांनी नावं कोरलीत, त्यात १८५० च्या आसपासची पण आहेत. आपले लोक किल्ल्यावर बदामात बाण काढतात त्यांच्यावर आपण चिडतो, आणि हे शंभर वर्षं जुनं झालं की वारसा!

सह्यभटका
+१. तरी बदामवाल्यांना माफी नाही.

जुरासिक_काका
त्याच भागात डायनासोर पण निघालेत. तीसच्या दशकात, म्हणजे वर धूळ उडत असताना, ओक्लाहोमा विद्यापीठाचे स्टोव्हॉल म्हणून प्राध्यापक होते त्यांनी केंटनजवळ खणायला घेतलं. रोजगार योजनेवरचे मजूर, म्हणजे पिकं गेलेले शेतकरीच बरेचसे. हाडं निघाली गाडाभर. त्यातला एक, मोठा मांसाहारी म्हणून नाव दिलेला सॉरोफॅगॅनॅक्स, ओक्लाहोमाचं राज्य जीवाश्म आहे. ओढ्याच्या पात्रात पावलांचे ठसे पण आहेत, पाणी आटलं असेल तर दिसतात. माझा नातू तीन दिवस हेच बोलत होता.

गंगाधर_ही_शक्तिमान_है
रोजगार हमीवर डायनासोर खणणे. आमच्याकडे ७२ ला नुसती खडी फोडायला लावली.

माळढोक_७२
गंगाधर, माझ्या नावातले ७२ तेच आहेत. आई खडी फोडायला जायची आणि मी तिथेच झाडाला बांधलेल्या झोळीत. असो, अवांतर होईल.

कायदेशीर_आत्या
मास्तरांनी 'कोर्ट नव्हतं' एवढंच म्हणून सोडून दिलं, तो भाग तर सगळ्यात रंगतदार. १८८८ च्या जुलैत कॅन्ससमधल्या दोन गावांचं भांडण चालू होतं, काउंटीचं मुख्यालय कोणाकडे यावरून. भांडता भांडता एक टोळी या पट्टीत उतरली (आजच्या हिशेबाने शेजारच्या टेक्सास काउंटीत) आणि गवताच्या गंजीपाशी चार जणांना गोळ्या घातल्या. खटला चालवायचा कुठे? पार टेक्सासमधल्या पॅरिस गावात चालवला, फाशीच्या शिक्षा झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने १८९१ मध्ये त्या फिरवल्या, आणि शेवटी फासावर कोणीच गेलं नाही. मालकी नसलेली जमीन म्हणजे काय हे यावरून कळतं. मला वकिलीच्या दिवसांत हे कोणी शिकवलं असतं तर अधिकारक्षेत्र हा विषय कधी विसरले नसते.

भूगोलमास्तर
आत्या, जबरदस्त. आता घड्याळाचं पण सांगून टाकतो, केंटन कायद्याने सेंट्रल टाइममध्ये येतं पण लोक माउंटन टाइम पाळतात, कारण त्यांचा सगळा व्यवहार न्यू मेक्सिको-कॉलोरॅडोशी. सवय जात नाही, बघा.

तारकापुंज
म्हणूनच!! आम्ही एक तास आधी पोचलो आणि मी नवऱ्याला बोलले की तू उगाच पहाटे उठवलंस.

पण माझा मूळ प्रश्न राहिलाच की. का ठेवलीय ही काउंटी?

चष्मिष्ट
ताई, व्यवहारी उत्तर: ओक्लाहोमात ७७ काउंट्या आहेत आणि कोणालाच आपली बुडवायची नाहीये. मुख्यालय गेलं की कोर्ट गेलं, शेरीफ गेला, रस्त्याचा ग्रेडर गेला, आणि जमिनीच्या कागदासाठी शेजारच्या गायमनला जायचं म्हणजे साठ मैल. आपल्याकडे नवीन तालुका मागायला मोर्चे निघतात, जुना द्यायला कोण निघेल? आणि राजधानी ओक्लाहोमा सिटी त्यांना इतकी लांब की त्याहून सांता फे जवळ. आपल्या सिरोंचाला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, तसंच.

अजून एक कुलकर्णी
मी जनगणनेचे आकडे काढले, ते बघून माझाच समज बदलला. १९३० ला ५४०८ माणसं. १९४० ला ३६५४. आणि २०२० ला २२९६. म्हणजे जगबुडी म्हणावी अशा त्या दहा वर्षांत गेली १७५४, आणि त्यानंतर काहीच न होता, शांतपणे, ऐंशी वर्षांत गेली १३५८. मला वाटत होतं धुळीत काउंटी रिकामी झाली. तर नाही, ढोबळ बघितलं तर तिघांतले दोघं राहिलेच होते. मग नंतरचे का गेले?

माळढोक_७२
कुलकर्णी, याचं उत्तर मी रोज बघतो. यंत्रं मोठी झाली. एका माणसाला पाच-सहा हजार एकर कसता येतात, चारी बाजूंचे शेजारी जमीन विकून गावात, मग गावातून अमारिलोला, मग पोरं डेन्व्हर-डॅलसला. धूळ एकदम नेते, ट्रॅक्टर हळूहळू.

आणि जे राहिलेत ते पाण्यावर. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, साउथ डकोटापासून टेक्सासपर्यंत पसरलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल पंप आले, मग ते गोल फिरणारे लोखंडी झुलते आले, विमानातून हिरवी वर्तुळं दिसतात ना ती त्यांचीच. मका, ज्वारी (तिकडे माइलो म्हणतात, गुरांना घालतात, आमच्या आईला सांगितलं तर तिने तोंडात मारून घेतलं). पण ते पाणी हजारो वर्षांपूर्वीचं आणि भरण्याचा वेग नगण्य. मागच्या वसंतात एका शेतकऱ्याचा झुलता बघायला गेलो होतो. सत्तरीचा माणूस. नळीला कान लावून उभा होता, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो तसा. मी विचारलं काय ऐकताय, तर म्हणाला हवा. पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागला की एक वेगळा खरखरता आवाज येतो, तो मला पण ऐकवला. आमच्या जतला बोअर तळाला लागलं की अगदी हाच आवाज येतो हो, फरक नाही. त्याने कडेची एक विहीर बंद करून तिथे गवत पेरलंय. बफेलो ग्रासच. मी म्हटलं तुमच्या आजोबांनी नांगरलं तेच? म्हणाला आजोबांनी नाही, पणजोबांनी, आजोबा माती झाडत होते.

चष्मिष्ट
हे वाचून माझा उरलेला अर्धा पण तुम्हाला दिला.

रेवाकाठ
माळढोक, वेगळा धागा काढा हो या पाण्यावर. इथे प्लॉट, डायनासोर आणि बॉम्बमध्ये हरवून जाईल.

माळढोक_७२
काढतो. आधी हार्वेस्ट संपू दे.

काकू_ऑस्टिनच्या
सगळं वाचलं, छान चर्चा. पुढच्या वर्षी आम्ही पण जायचं म्हणतोय, यांना साठी पूर्ण होताहेत त्यानिमित्त. तिथे शाकाहारी काही मिळतं का आणि रात्री थंडी किती असते?

तारकापुंज
काकू, बीन बरिटो मिळाला, चीजबर्गरमधलं बर्गर काढून पण मिळालं. बरोबर ठेपले, चटणी न्याच. थंडी पहाटे चांगलीच, स्वेटरवर स्वेटर. आणि ओढणी किंवा मोठा रुमाल ठेवा, वारा सुटला की बारीक धूळ दातात करकरते. डॉब्सोनियनचा आरसा परवा काढून बघितला, त्यावर फिकट तपकिरी थर आहे. नवरा म्हणतोय डिस्टिल्ड वॉटरने धुवू, मी म्हटलं थांब आधी फोटो काढते, माळढोकना पाठवायचाय.

सांडशी
जपून धुवा, सिमरॉन काउंटीची मालमत्ता आहे ती.